कमठ्याची पाठ

राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही धनुष्ये घेऊन गेलो होतो. आम्ही म्हणजे पदार्थांच्या गुणधर्मांवर संशोधन करणारे तिघे सहकारी. काचतंतूंचे कापड आणि लाकडाच्या पातळ पट्ट्या इपॉक्सी नावाच्या कृत्रिम सरसाने एकमेकींवर चिकटवून हलके, मजबूत पदार्थ बनवणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग. त्याच पद्धतीने आम्ही हौसेखातर काही वर्षे धनुष्येही बनवत होतो. या शाळेतल्या मुलांना तिरंदाजीची आवड होती, पण बाजारातली साधने परवडत नव्हती. तेव्हा आपणच त्यांना दोन-चार संमिश्र धनुष्ये करून द्यावीत, असे आम्ही ठरवले.

धनुष्ये चांगली चालली, पण मे महिन्यापर्यंतच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती टिनाच्या खोलीत ठेवली होती. मे महिन्यात इकडे सावलीतलेच तापमान 45 अंशांच्या घरात जाते, टिनाखाली ते त्याहून बरेच वर चढते. साध्या हवेत घट्ट होणारे इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. शाळा पुन्हा उघडली तेव्हा एका धनुष्याचे थर सुटलेले होते. शिक्षकांनी विचारले, "सर, हे उकललं. आता इथं हे कोण जोडणार?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. साचा, शिकंजे आणि तापवण्याची पेटी आमच्या प्रयोगशाळेत; मुले राळेगावात.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरचा कमठा मोडला, त आजोबा दिवस बुडेपर्यंत दुसरा करून देते."

हा मुलगा जवळच्या पोडावरचा. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातले कोलाम बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणण्यात वाकबगार आहेत. बांबू हाताशी आणि त्यात काम करणारे हातही हाताशी, मग आपण बांबूचेच धनुष्य का करू नये? आम्ही कामाला लागलो. बांबू चिरला, पट्टी काढली, दोन्ही बाजूंनी रंधा मारून ती गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीची केली. संमिश्र धनुष्याच्या कामात हीच सवय लागलेली असते: प्रत्येक थर मोजायचा, घासायचा, पुन्हा मोजायचा. पट्टी देखणी झाली. दोरी चढवली. तिसऱ्यांदा ओढली आणि मुठीपासून वीतभर अंतरावर ती कडकन मोडली.

त्या मुलाचे आजोबा एव्हाना येऊन बसले होते. त्यांनी मोडलेला तुकडा हातात घेतला, बोट फिरवून पाहिले आणि म्हणाले, "सर, तुम्ही त याचं कातडंच सोलून टाकलं. आता थे जगते कसं?"

या एका वाक्यात पदार्थविज्ञानाचा एक अख्खा धडा आहे. तो उलगडून पाहू या.

धनुष्य करते काय?

आपल्या स्नायूंची गंमत अशी की ते जोर पुष्कळ लावू शकतात, पण सावकाश. हाताने फेकलेला बाण फार दूर जात नाही, कारण हात विशिष्ट वेगापलीकडे हलूच शकत नाही. धनुष्य ही अडचण दूर करते. आपण सावकाश ओढतो तेव्हा केलेले कार्य वाकलेल्या पात्यांमध्ये स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठते. दोरी सोडली की ती ऊर्जा क्षणार्धात बाणाला मिळते.

हिशेब सोपा आहे. समजा, एक धनुष्य अर्धा मीटर ओढले आणि ओढण्याचे बल शून्यापासून 150 न्यूटनपर्यंत (म्हणजे सुमारे 15 किलो वजनाइतके) एकसारखे वाढत गेले. बल आणि अंतर यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. इथे तो त्रिकोण आहे: अर्धे गुणिले 150 गुणिले 0.5, म्हणजे 37.5 जूल. यातली 70 टक्के बाणाला मिळाली असे धरू आणि बाणाचे वस्तुमान 25 ग्रॅम घेऊ. बाणाचा वेग सेकंदाला सुमारे 46 मीटर येतो, म्हणजे ताशी 165 किलोमीटर.

उरलेली 30 टक्के ऊर्जा कुठे गेली? काही पात्यांना आणि दोरीला गती देण्यात खर्च झाली, काही पदार्थाच्या अंतर्गत घर्षणात उष्णता होऊन गेली. म्हणून पात्याची टोके जितकी हलकी तितके चांगले. आणि म्हणूनच बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. ऊर्जा घेऊन जायला बाणच नसेल, तर ती सगळी पात्यांनाच सोसावी लागते आणि धडधाकट धनुष्यही मोडते.

पाठ आणि पोट

धनुष्य हातात धरले की त्याची एक बाजू आपल्याकडे असते, दुसरी लक्ष्याकडे. आपल्याकडच्या बाजूला पोट म्हणू, लक्ष्याकडच्या बाजूला पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. मधोमध एक थर असा असतो की जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. त्याला उदासीन थर म्हणतात.

वर्गात हे दाखवायला जुन्या रबरी चपलेचा तळ पुरतो. त्याच्या कडेवर पेनाने एक-एक सेंटिमीटरवर उभ्या रेघा ओढा आणि तळ वाकवा. बाहेरच्या कडेला रेघा दूर सरकतात, आतल्या कडेला जवळ येतात, मधे अंतर तेवढेच राहते.

ताण आणि दाब सगळ्यात जास्त कुठे? अगदी पृष्ठभागावर. म्हणजे धनुष्य वाचणार की मोडणार, हे ठरते ते बाहेरच्या एक-दोन मिलिमीटरच्या थरात. आजोबांचे 'कातडे' ते हेच.

संमिश्र धनुष्याची युक्ती

पाठीला ताण सोसायचा आहे, पोटाला दाब. मग दोन्हींसाठी दोन वेगळे पदार्थ का वापरू नयेत? आशियातल्या कारागिरांनी हजारो वर्षांपूर्वी हा विचार केला. मधे लाकडाची पातळ पट्टी, पोटाला शिंग, पाठीला जनावरांच्या कंडरेचे तंतू आणि सगळे जोडायला चामड्यापासून किंवा माशापासून काढलेला सरस, असे हे धनुष्य. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. ती ताण सोसण्यात तरबेज. शिंग दाब सोसण्यात. आपल्याकडे यासाठी म्हशीचे शिंग सोयीचे. मुघल चित्रांत घोडेस्वारांच्या हाती दिसणारी आखूड, डौलदार धनुष्ये याच जातीची. दोरी उतरवली की ती उलट्या दिशेने वळतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार पदार्थ दिले आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी जे पदार्थ सांगितले आहेत त्यांत रुई, ताग, बांबू आणि कंडरा आहेत. विष्णूच्या धनुष्याचे शार्ङ्ग हे नावही शृंग म्हणजे शिंग यावरूनच आले. म्हणजे लाकडी आणि संमिश्र धनुष्ये आपल्याकडे शेजारी शेजारी नांदत होती.

आम्ही करत होतो ती धनुष्ये याच कल्पनेची नवी आवृत्ती. कंडरा आणि शिंग यांच्या जागी काचतंतू, सरसाच्या जागी इपॉक्सी. इथे नावांचा एक घोळ टाळला पाहिजे. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी यांनी विजेतेपद मिळवले ते 'कंपाउंड' धनुष्यावर. कंपाउंड म्हणजे टोकांना कप्प्यांसारखी चाके बसवलेले यंत्र. संमिश्र हा शब्द मात्र धनुष्याचे पाते कशाचे बनले आहे त्याबद्दल आहे.

एकाच पदार्थाकडून दोन कामे

लाकडी धनुष्यात ही वाटणी करता येत नाही. एकाच काठीने ताणही सोसायचा आणि दाबही. आणि लाकूड या दोन कामांत सारखे हुशार नाही. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या असंख्य बारीक नळ्या. नळ्या लांबीच्या दिशेने ओढल्या तर चांगल्या टिकतात, पण दाबल्या तर शीतपेयाच्या नळीसारख्या मुरडतात. त्यामुळे निर्दोष लाकडाची दाब सोसण्याची ताकद ताण सोसण्याच्या ताकदीच्या जवळपास निम्मीच असते. फार वाकवलेल्या लाकडी धनुष्याच्या पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसतात, त्या या मुरडलेल्या नळ्यांच्या. सुरकुती पडली तरी धनुष्य लगेच मोडत नाही. ते थोडे बाक धरते, दमते. पाठ फाटली तर मात्र सगळे एका क्षणात संपते.

काही झाडांनी हा प्रश्न अंशतः सोडवून ठेवला आहे. युरोपातल्या यू या झाडाच्या बाहेरच्या फिकट लाकडाला ताण चांगला सोसतो, आतल्या गडद लाकडाला दाब. दोन्ही थर एकाच काठीत मिळतील अशी काठी काढली की झाडानेच बनवलेले संमिश्र धनुष्य तयार. इंग्लंडचे 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज 1545 साली बुडाले आणि 1982 साली वर काढण्यात आले. त्यात अशी यूची 130 हून अधिक अखंड धनुष्ये मिळाली.

आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात यू नाही, पण धामण आहे. हिच्या चिवट, लवचीक लाकडाचे अवजारांचे दांडे आणि कावडीचे बांबू... नव्हे, कावडीच्या काठ्या करतात! संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष असेच नाव आहे. आणि सगळीकडे मिळणारा बांबू तर आहेच.

बांबूचा आडवा छेद भिंगाखाली पाहा. फिकट गरात गडद ठिपके दिसतील. हे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. आतल्या पोकळीजवळ ते विरळ असतात, सालीजवळ दाटीवाटीने. काचतंतू जसे इपॉक्सीत रुतलेले, तसे हे तंतू गरात. सगळ्यात मजबूत तंतू सालीलगत आणि मऊ, दबणारा गर आतल्या बाजूला. तेव्हा साल पाठीला आणि गर पोटाला ठेवला, तर पट्टी पुष्कळ वाकूनही तुटत नाही. उलट केले, म्हणजे विरळ तंतूंची बाजू ताणाखाली आणली, तर ती लवकर फाटते.

आता आमची चूक स्पष्ट होईल. पट्टी देखणी करण्याच्या नादात आम्ही पाठीवर रंधा मारला, म्हणजे नेमका सगळ्यात दाट तंतूंचा थर काढून टाकला. शिवाय बांबू कधी पूर्ण सरळ नसतो. सरळ रंधा वाकड्या तंतूंवरून गेला की तंतू ठिकठिकाणी कापले जातात. मुठीपासून टोकापर्यंत अखंड जाणारा तंतू आणि अर्ध्यावर कापलेला तंतू यांत अखंड दोर आणि गाठ मारलेला दोर यांच्याइतका फरक आहे. काचतंतूंच्या थरात ही काळजी नसते. तिथे तंतू आपणच सरळ मांडलेले असतात. बांबूत ते बांबूने मांडलेले असतात आणि आपण ते वाचायचे असतात.

लाकडाच्या धनुष्यालाही हाच नियम. पाठीवर झाडाच्या वाढीचे एकच वर्तुळ, एकच थर, टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचा. जे काही तासायचे ते पोटाकडून.

जाडीचा घन

मग पोटाकडून किती तासायचे? इथे गणित उपयोगी पडते. पट्टी वाकवली की पृष्ठभागावरची विकृती, म्हणजे लांबीत होणारा शेकडा बदल, जाडीच्या निम्म्याला वक्रतेच्या त्रिज्येने भागून मिळते. पट्टी 12 मिलिमीटर जाड असेल आणि 60 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वाकवली असेल, तर विकृती 6 भागिले 600, म्हणजे 1 टक्का. बहुतेक लाकडांची सहनशक्ती याच सुमाराला संपते. शिंग आणि कंडरा मात्र याच्या कित्येक पट विकृती सोसतात. म्हणून संमिश्र धनुष्य आखूड ठेवता येते आणि घोड्यावर वापरता येते. लाकडी धनुष्य मात्र माणसाच्या उंचीइतके लांब ठेवावे लागते, म्हणजे ते थोडे थोडे सर्वत्र वाकते.

जाडी कमी केली तर विकृती कमी होते, पण ताठरपणाही जातो. पट्टीचा ताठरपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी फक्त एक दशांश कमी करा, ताठरपणा 27 टक्क्यांनी घटतो. म्हणजे रंध्याचे दोन-चार हात जास्त पडले तर धनुष्य बिघडते आणि काढलेले लाकूड परत लावता येत नाही. रुंदीत अशी जोखीम नाही. म्हणून पातळ आणि रुंद पट्टी हा शहाणपणाचा मार्ग.

हा मार्ग विज्ञानाने बराच उशिरा शोधला. अमेरिकेत 1930 च्या दशकात क्लेरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी धनुष्याचा पद्धतशीर अभ्यास केला. आलेख काढले, अतिजलद छायाचित्रे घेतली. इंग्रजी लांब धनुष्याचे पोट गोलसर असते. त्यामुळे दाबाचा भार पोटाच्या अरुंद कडेवर एकवटतो. पाते चपटे, आयताकृती केले तर तो भार सगळ्या रुंदीवर वाटला जातो, असे त्यांनी दाखवले. क्लॉपस्टेग यांनी 1934 साली तुर्की संमिश्र धनुष्यावर पुस्तकही लिहिले. गंमत म्हणजे डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली, सुमारे 9000 वर्षांपूर्वीची एल्म लाकडाची धनुष्ये अशीच रुंद आणि चपटी आहेत. आणि बांबू चिरला की मिळते ती पट्टीही चपटीच!

ऊन, पाऊस आणि सरस

आमच्या इपॉक्सीचे उन्हाने काय झाले ते वर आलेच आहे. जुन्या संमिश्र धनुष्यांचा शत्रू पाऊस. प्राणिज सरस दमट हवेत सैल पडतो. भारतात काही कारागिरांनी पोलादाची धनुष्येही घडवली. ती संग्रहालयांत पाहायला मिळतात. पोलादाला सरस लागत नाही आणि पावसाची तेवढी भीतीही नाही.

बांबू-लाकडालाही हवा बाधते, पण वेगळ्या रीतीने. लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत राहते. उन्हाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता 20-25 टक्क्यांवर आली की लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 5 टक्क्यांपर्यंत उतरते. श्रावणात आर्द्रता 85 टक्के झाली की ते सुमारे 18 टक्क्यांवर जाते. फार कोरडे लाकूड ठिसूळ होते आणि तुटते. फार ओले लाकूड मऊ होते आणि बाक धरते. म्हणून भर उन्हाळ्यात दुपारी धनुष्य पूर्ण ओढू नये आणि पावसाळ्यात दोरी चढवून टांगून ठेवू नये. वापर संपला की दोरी उतरवायची, हा नियम बाराही महिन्यांचा.

बांबू कधी तोडावा यालाही कारण आहे. कोवळ्या बांबूत तंतू पुरते पक्व झालेले नसतात. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेला तीन-चार वर्षांचा बांबू चांगला. घुणाला बांबूतला पिष्टमय पदार्थ हवा असतो आणि तो जास्त असताना तोडलेला बांबू लवकर पोखरला जातो.

वाक जुळवणे

दुसरे धनुष्य आजोबांनी केले. आम्ही बसून पाहिले आणि टिपून घेतले. त्यांनी भरीव जातीचा, ज्याला इकडे मानवेल म्हणतात तो बांबू निवडला. कोयत्याने चिरताना फट तंतूंच्या बाजूने आपोआप गेली. करवतीने कापले असते तर ती आपल्या मर्जीने गेली असती. पाठीला त्यांनी हात लावला नाही, गाठींवरचे कंगोरेही तासून सपाट केले नाहीत, कारण गाठीपाशी तंतू वळलेले असतात. पोटाकडून मात्र ते पातळ काप काढत गेले. मधे मूठ जाड राहिली, टोकांकडे पट्टी अरुंद होत गेली.

टोकाकडे अरुंद का? दोरी ओढली असता वाकवणारा परिणाम मुठीजवळ सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य असतो. पट्टी सगळीकडे सारखी ठेवली, तर ती मुठीजवळच वाकेल आणि तिथेच मोडेल. आमची तशीच मोडली होती. जाडी सारखी ठेवून रुंदी टोकाकडे क्रमाने कमी केली, तर पाते वर्तुळाच्या कंसासारखे वाकते आणि विकृती सगळीकडे सारखी वाटली जाते. शिवाय टोके हलकी होतात ती वेगळीच.

मग खरे काम सुरू झाले. चार काप काढायचे, पायाखाली धरून वाकवायचे, पाहायचे. जिथे ताठ वाटेल तिथे आणखी दोन काप. एक पाते जास्त वाकत असेल तर त्याला हात न लावता दुसरे पातळ करायचे. प्रयोगशाळेत आम्ही हे काम आधीच आकडेमोडीने संपवतो, कारण आमच्या पदार्थाचे गुणधर्म आम्हाला ठाऊक असतात. बांबूच्या प्रत्येक पट्टीचे गुणधर्म वेगळे. ते शोधण्याचा एकच उपाय: वाकवणे आणि पाहणे. आजोबांचा प्रत्येक काप हा एक प्रयोग होता आणि प्रत्येक वाक हे निरीक्षण. किंचित वाकडा भाग त्यांनी निखाऱ्यावर शेकून सरळ केला. उष्णतेने तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन मऊ पडते आणि थंड झाले की नवा आकार धरून ठेवते. इपॉक्सी मऊ झाल्याने आमचे धनुष्य गेले होते. लिग्निन मऊ करून त्यांनी आपले धनुष्य सुधारले.

मध्य भारतातल्या आदिवासी धनुष्यांना बांबूच्या सालीच्या पट्टीचीच दोरी लावण्याची रीत आहे. आम्ही त्या दिवशी तागाची दोरी वळली.

काम करता करता आजोबा म्हणाले, "आमच्या पोट्ट्यायले आता टोपली येत नाही, मंग कमठा कुठून येईन?" शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली, ती योग्यच आहे, पण तिच्यामुळे कमठा करण्याचे रोजचे निमित्तही गेले. जे हात हे करू शकतात ते म्हातारे होत चालले आहेत आणि त्यांच्याजवळचे ज्ञान कुठल्याही वहीत लिहिलेले नाही.

काय गेले, काय आले

प्रामाणिकपणे सांगायचे, तर बांबूचे धनुष्य आमच्या काचतंतूंच्या धनुष्याच्या तोडीचे नाही. त्याची पाती जड असतात, म्हणून बाण हळू सुटतो. ते वापराने थोडा बाक धरते. दोन धनुष्ये कधीच एकसारखी होत नाहीत, त्यामुळे नेमातही फरक पडतो. मोठ्या स्पर्धांत लाकडी धनुष्य संमिश्र धनुष्याला हरवेल, असे कोणी समजू नये.

पण शाळेचा प्रश्न वेगळा होता. भारतातल्या राष्ट्रीय तिरंदाजीत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. त्यात बांबू-लाकडाची धनुष्ये चालतात आणि अंतरे 30 व 50 मीटर असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या मुलांना खेळात शिरण्याचा हा दरवाजा आहे. मोडले तर मुलांना स्वतः करता येईल असे साधन त्यांना हवे होते. आणि विज्ञानाच्या शिक्षकांच्या हाती तर घबाडच लागले: कार्य, ऊर्जा, स्थितिस्थापकता, वनस्पतींच्या ऊती, आर्द्रता हे सगळे एका पट्टीत.

वर्गात करून पाहण्यासाठी

1. धनुष्याची मूठ भिंतीतल्या मजबूत खुंटीवर अडकवा. दोरीला ताणकाटा लावून दर पाच सेंटिमीटरला बल नोंदवा. आलेख काढा, चौकोन मोजून ऊर्जा काढा. आता दोरी सावकाश परत सोडताना नोंदी घ्या. परतीचा आलेख खाली येतो. दोन आलेखांमधले क्षेत्रफळ म्हणजे पदार्थाने गिळलेली ऊर्जा.

2. बांबूच्या एकाच कांड्यातून सारख्या मापाच्या पट्ट्या काढा. एक साल खाली, दुसरी साल वर आणि तिसरी साल तासून, अशा दोन विटांवर ठेवा. मधोमध पिशवी टांगून तीत हळूहळू वाळू भरा. वाकलेल्या पट्टीची खालची बाजू ताणली जाते हे लक्षात ठेवून मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग निरीक्षण करा.

3. प्लास्टिकची पट्टी आडवी धरून आणि मग कडेवर उभी धरून वाकवा. जाडीच्या घनाचा नियम हाताला जाणवेल.

काळजी: वाकवलेली पट्टी तुटताना तुकडे उडतात, म्हणून चष्मा घालावा आणि इतरांनी बाजूला उभे राहावे. बाण लावल्याशिवाय दोरी सोडू नये. तिरंदाजी शिक्षकांच्या देखरेखीत आणि समोर कोणी नसतानाच करावी. बांबू शेतातला किंवा विकत घेतलेला वापरावा. 2017 च्या कायदेबदलानंतर वनाबाहेरचा बांबू तोडायला वनखात्याच्या परवानगीची अट राहिलेली नाही. जंगलातला बांबू किंवा धामण मात्र तोडू नये.

पुढच्या हिवाळ्यात त्या शाळेतल्या मुलांनी आजोबांच्या हाताखाली सात कमठे केले. तीन मोडले. मुलांनी ते फेकून दिले नाहीत. वर्गाच्या भिंतीवर ओळीने टांगले आहेत आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे: 'गाठ तासली', 'बांबू कोवळा होता', 'बाण न लावता दोरी सोडली'. त्यांच्या शेजारी चौथी जागा आम्ही मागून घेतली. तिथे आमची ती देखणी, गुळगुळीत पट्टी आहे आणि खाली चिठ्ठी: 'पाठ सोलली'.